सहादू सुरगाण्याचा ओळखलंस का

सहादू भोयेच्या पत्राला नानांनी कधीच उत्तर दिलं नव्हतं. पत्र काही अवघड नव्हतं. सुरगाण्याहून आलेलं साधं पोस्टकार्ड. वर खुशाली, मध्ये भात आणि नागली कशी आली त्याची हकिगत, आणि शेवटी एकच प्रश्न : 'रिटायर झालास म्हणे. आता तरी कधी येतोस?' एखाद्या शहाण्या माणसाने दोन ओळी खरडल्या असत्या आणि तो जेवायला बसला असता.

पण पुंजाराम कोशिरे, म्हणजे घरादाराचे नाना, आयुष्यभर कॉलेजात ग्रंथपाल होते. दुसऱ्यांनी लिहिलेलं इतकं वाचलं होतं, की स्वतः एक ओळ लिहायची म्हटली तरी ती आधीच कुणीतरी बरी लिहून ठेवली असेल, अशी त्यांना धास्ती वाटे. पहिला आठवडा मायन्यात गेला. 'प्रिय' लिहावं तर नाटकी वाटत होतं. 'स. न. वि. वि.' लिहावं तर वकिलाची नोटीस वाटत होती. तोवर उशीर झाला, म्हणून आधी दिलगिरी लिहिणं भाग पडलं. दिलगिरीचा मजकूर जुळेपर्यंत इतका उशीर झाला, की नुसती दिलगिरी पुरेना, कारण द्यावं लागणार होतं. आणि कारण तर काहीच नव्हतं. मग ते पोस्टकार्ड खूण म्हणून एका पुस्तकात गेलं. ते पुस्तक संपल्यावर दुसऱ्यात गेलं. अशी वर्षं गेली. सहादूच्या पत्राने तेवढ्या काळात मराठी वाङ्मयाचा बराच प्रवास केला. नानांनी सुरगाण्याचा मात्र केला नाही.

सहादू त्यांचा वसतिगृहातला दोस्त. पुढे सुरगाण्याकडे शाळामास्तर झाला. एका ताटात जेवलेली माणसं. म्हणूनच पत्र टोचत होतं. नवं पुस्तक उघडलं की पहिल्यांदा ते समोर यायचं, आणि नाना घाईघाईने पान उलटायचे.

कोशिऱ्यांचं घर नाशकात, गंगापूर रोडपासून जरा आत. पूर्वी तिथे त्यांचं झेंडू-शेवंतीचं शेत होतं. आता चहूबाजूंनी इमारती उगवल्या होत्या आणि मध्ये उरलेल्या तुकड्यावर नानांच्या मुलाने, ललितने, 'कोशिरे हायटेक नर्सरी' काढली होती. रोपं तो विकायचाच. पण त्याला विकायची होती पॉलिहाऊसं. प्लास्टिकच्या त्या भल्यामोठ्या तंबूत जरबेरा लावला की शेतकरी मोटारीतून फिरतो, असं त्याच्या पत्रकावर छापलं होतं. ललित स्वतः स्कूटरवरून फिरत होता.

नाना मागच्या खोलीत बसून ब्लॉग लिहायचे. तो त्यांच्या नातीने सुट्टीत काढून दिला होता. नाव 'वाफा'. आईने शेवंतीची रोपं कशी जगवली, पहाटे फुलांच्या पाट्या बाजारात कशा जायच्या, कोणत्या जुन्या पुस्तकात कोणत्या फुलाचं वर्णन चुकलं आहे, असलं काहीबाही. वाचक बोटांवर मोजण्याइतके. आणि त्यातलं एक बोट नानांचंच होतं, कारण लिहिलेलं चुकीचं तर नाही ना म्हणून ते स्वतःच दिवसातून चारदा उघडून पाहायचे.

अशा निरुपद्रवी ब्लॉगवर कुणाची नजर जायचं कारण नव्हतं. पण ललितला शेखर भेटला.

शेखरचं ऑफिस नाशकातल्याच द्वारका चौकात, एका टायरच्या दुकानाच्या माडीवर. त्याने आधी विमा विकून पाहिला. मग पाणी शुद्ध करायची यंत्रं विकून पाहिली. मग नेपाळहून आलेल्या औषधी गाद्या विकून पाहिल्या. काहीच विकलं जाईना, तेव्हा त्याने विकणं सोडलं आणि विकावं कसं, हे लोकांना शिकवायला सुरुवात केली. तेव्हापासून त्याचं बरं चाललं होतं. त्याच्या कार्डावर 'बिझनेस ग्रोथ कन्सल्टंट' असं होतं आणि गळ्यात उन्हाळ्यातही टाय होता.

"काका," शेखर दिवाणखान्यात पाय पसरून म्हणाला, "तुम्हाला माहीत नाही तुम्ही कशावर बसलायत."

नानांनी दचकून खुर्चीखाली पाहिलं.

"ब्लॉगवर! कंटेंट आहे तुमच्याकडे, कंटेंट! लोक येतात, वाचतात आणि निघून जातात. फुकट! आता आपण काय करायचं, ब्लॉग जोडायचा लीड मॅनेजमेंट सॉफ्टवेअरला."

"लीड म्हणजे?" नानांनी विचारलं.

"गिऱ्हाईक."

"मग गिऱ्हाईक म्हणायला काय होतं?" आतून शकुबाईंचा आवाज आला. नानांनी जन्मभर जे जे बोलायचं टाळलं, ते ते त्यांच्या बायकोने त्यांच्या वतीने बोलून टाकलं होतं.

"काकू, गिऱ्हाईक म्हणजे जे घेतं ते. लीड म्हणजे ज्याला अजून ठाऊक नाही की आपल्याला घ्यायचंय."

"त्याला आमच्याकडं गळी पडणं म्हणतात," शकुबाई म्हणाल्या.

ललित कळवळून म्हणाला, "आई, ऐक तरी! नाना, लय सोपं आहे. ब्लॉगवर एक चौकट येणार. वाचणारा तिच्यात नाव, फोन, ईमेल आणि जमीन किती ते भरणार. ते आपोआप सॉफ्टवेअरमध्ये जाणार. मग त्याला तुमच्या नावाने पत्रं जाणार. पहिलं लगेच, दुसरं दोन दिवसांनी, तिसरं आठवड्याने. तुम्ही काही करायचं नाही."

"माझ्या नावाने?"

"तुमच्या फोटोसकट," शेखर म्हणाला. "काका, तुमचा चेहरा म्हणजे ॲसेट आहे. एवढा गरीब चेहरा पैसे देऊन मिळत नाही."

पुढे त्याने गुणांची पद्धत समजावली. पत्र उघडलं की वाचणाऱ्याला गुण. पुन्हा उघडलं की आणखी गुण. जमीन जास्त असली की ढीगभर गुण. गुण वाढत गेले की नाव निळ्याचं पिवळं होतं, पिवळ्याचं लाल. लाल झालं की हॉट लीड. मग त्याच्या ऑफिसातली निकिता फोन करणार. "माणूस खोटं बोलतो काका, क्लिक खोटं बोलत नाही," असं शेखर म्हणाला आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन त्याने शकुबाईंच्या चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले.

खरं तर नानांना नको होतं. पण त्यांना 'नको' म्हणता येत नसे. ते "बघू" म्हणाले. आणि त्या घरात नानांच्या "बघू"चा अर्थ 'हो' असा फार वर्षांपूर्वी ठरून गेला होता. शिवाय मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना जरा गंमतही वाटली. ज्या माणसाकडून एका पोस्टकार्डाला उत्तर होत नव्हतं, त्याच्या नावाने आता पत्रं आपोआप सुटणार होती!

पत्रांचा मजकूर शेखरनेच लिहिला. नानांनी तो पुन्हापुन्हा वाचला आणि भीत भीत एकच दुरुस्ती सुचवली.

"शेवटच्या पत्रात 'त्वरा करा' असं आहे. तिथे 'जमल्यास' करता येईल का? 'जमल्यास यावे.'"

शेखरने ललितकडे पाहिलं. ललितने छताकडे पाहिलं.

"काका," शेखर दयेने म्हणाला, "'जमल्यास'ने जगात कुणी जागचं हललेलं नाही."

हे एक वाक्य तो खरं बोलला. नाना स्वतःच त्याचा पुरावा होते.

ब्लॉग जोडला गेला. 'वाफा' उघडला की शेवंतीच्या आठवणींवर टपकन एक हिरवी चौकट येऊन पडायची : 'थांबा! आपली माहिती भरा!' पुण्याच्या एका बाईंनी वाचणं सोडलं. मालेगावच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी, 'आपण चांगले लिहीत होता, हे काय भलतेच?' असं कळवलं. त्यांनाही 'आपल्या येण्याने माझा वाफा बहरला!' असं उत्तर आपोआप गेलं. मग त्यांनीही सोडलं. महिनाभरात बोटांवर मोजण्याइतक्या वाचकांतलं नानांचंच एक बोट शिल्लक राहिलं.

शेखरच्या माडीखाली द्वारकेच्या चौकात रात्रंदिवस ट्रक, एस.टी., रिक्षा एकमेकांच्या अंगावर चढत होत्या, पण त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चिटपाखरू नव्हतं. तो म्हणाला, "थांबा, लीड मुरावं लागतं. लोणच्यासारखं."

आणि एका सकाळी ललित लॅपटॉप छातीशी धरून पळत आला.

"नाना! लाल! एकदम लालभडक! शेखर म्हणतो, एवढे गुण त्याने अख्ख्या सर्व्हिसमध्ये बघितले नाहीत. प्रत्येक पत्र उघडलंय, पुन्हा उघडलंय, परत उघडलंय. आणि जमीन किती? शंभर एकर!"

"नाशकात शंभर एकर?" शकुबाई म्हणाल्या. "कुणाची लाटली?"

"नाशकात नाही, सुरगाण्याला."

नानांच्या हातातलं पुस्तक मिटलं. आतलं पोस्टकार्ड थोडं बाहेर आलं.

"नाव काय?" त्यांनी विचारलं.

ललितने पडद्यावर वाकून वाचलं, "सहादू सुरगाण्याचा ओळखलंस का."

"हे नाव आहे?"

"नावाच्या रकान्यात आहे म्हणजे नावच. तिकडं असतात अशी मोठी नावं. आणि जमिनीच्या रकान्यात बघा : 'समोरचा डोंगर धरला तर शंभर एकर.' डोंगरासकट जमीन आहे बरं का! निकिताने फोनही केला. तिने विचारलं, 'सहादू सुरगाण्याचा ओळखलंस का सर बोलताहेत का?' तर ते म्हणाले, 'हो बाई, मीच तो ओळखलंस का.' फार साधा माणूस. एवढी जमीन असून बिलकुल गर्व नाही."

ललित लॅपटॉप तिथेच ठेवून गेल्यावर नानांनी सहादूला गेलेली पत्रं एकेक करून उघडली. पहिल्या पत्राची सुरुवातच अशी होती :

'प्रिय सहादू सुरगाण्याचा ओळखलंस का, आपल्या येण्याने माझा वाफा बहरला!'

दुसऱ्यात, 'काल सहज आपली आठवण झाली. आपले स्वप्न काय आहे?' असं विचारलं होतं. इथवर नानांनी सोसलं. तिसरं पत्र सहादूच्या नावाने वाचलं, तेव्हा मात्र त्यांना ते सोसवेना.

'प्रिय सहादू सुरगाण्याचा ओळखलंस का, मी आपणांस दोन पत्रे पाठवली. आपण एकाही पत्राचे उत्तर दिले नाही. माझे काही चुकले का? आपल्याला दोन ओळी लिहायलाही सवड नाही का? उत्तराची वाट पाहणाऱ्याचे मन आपण जाणता, अशी माझी समजूत होती. आपलाच, पुंजाराम कोशिरे.'

खाली नानांचा तो गरीब चेहरा होता.

ज्याच्या साध्या पोस्टकार्डाला वर्षानुवर्षं उत्तर दिलं नाही, त्यालाच उत्तर न दिल्याबद्दल जाब विचारला होता! तोही सहीनिशी! सहादूने काय म्हटलं असेल? काय निर्लज्ज माणूस! आणि तरी तो बिचारा पत्र पुन्हापुन्हा उघडून वाचत होता. इतकं लागलं असेल का त्याच्या मनाला? नानांनी पोस्टकार्ड बाहेर काढलं, पाहिलं आणि परत आत ठेवलं. आता दिलगिरीला एक पत्र पुरणार नव्हतं. ग्रंथ लिहावा लागला असता.

सहादूला फोन करावा, तर नानांना फोनची भीती. म्हणून त्यांनी निदान पुढचं पत्र तरी थांबवावं असं ठरवलं. रिक्षा करून ते द्वारकेला गेले. माडी चढून जाताना बोलायचं वाक्य त्यांनी मनाशी चारदा घोकलं.

"तो माझा मित्र आहे," नाना म्हणाले. "त्याचं नाव काढून टाकाल का?"

"वॉर्म रिलेशन!" शेखर उडालाच. "काका, आधी नाही का सांगायचं? मित्र असेल तर अर्धं काम झालंच."

"पण त्याला काही विकायचं नाहीये."

"आपण विकत नसतो काका. आपण त्याच्या प्रवासात सोबत असतो."

नाना परत रिक्षा करून घरी आले. सायंकाळी ललित रोपांना पाणी देत होता, तेव्हा ते गुपचूप त्याच्या लॅपटॉपसमोर बसले. सहादूचं नाव शोधलं. शेजारी कचरापेटीचं चित्र होतं, त्यावर बोट ठेवलं. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न उभा राहिला : 'तुमची खात्री आहे का?'

नाना प्रामाणिक माणूस. त्यांनी विचार केला. खात्री अशी त्यांना आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती. लग्नात अंतरपाट दूर होईपर्यंत वाटली नव्हती, नोकरीत शेवटच्या दिवसापर्यंत नव्हती. मित्राचं नाव आपल्या हाताने कचऱ्यात टाकायचं, हे तरी बरोबर आहे का? त्यांनी 'नाही' दाबलं. नाव होतं तिथेच राहिलं. त्यांनी पुन्हा कचरापेटी दाबली. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा विचार. पुन्हा 'नाही'. असं तीनदा झाल्यावर ललितची चाहूल लागली आणि ते उठले.

चौथं पत्र वेळेवर सुटलं : 'त्वरा करा! जागा मर्यादित! येत्या रविवारी आमच्या पॉलिहाऊसला सहकुटुंब, सहपरिवार भेट द्या. भोजनाची व्यवस्था केली आहे.'

सुरगाण्याहून उत्तर आलं : 'येतो. सहपरिवार.'

रविवारी नर्सरीच्या दारात मांडव पडला. शंभर एकरांचा मालक येणार म्हणून ललितने उसना प्रोजेक्टर आणला, पांढरा पडदा टांगला, आणि थर्माकोलवर अक्षरं कापून 'सुस्वागतम श्री. ओळखलंस का साहेब' असा फलक लावला. शकुबाईंनी तो वाचून कपाळावर हात मारला. पण त्यांना सहादू ठाऊक होता, पत्राचंही ठाऊक होतं, आणि मजा बघायची होती. म्हणून त्यांनी तोंड मिटून मोठं पातेलं काढलं.

"एवढा भात कशाला आई?" ललित म्हणाला. "मोठी माणसं मोजकं जेवतात."

"लिहिणाऱ्याने सहपरिवार लिहिलंय," शकुबाई म्हणाल्या. "तिकडचा परिवार जीप भरल्याशिवाय निघत नाही."

जीप आली तीच मुळी एका बाजूला कलत. आत किती माणसं होती ते कळायला मार्ग नव्हता, कारण निम्मी बाहेर लटकत होती. टपावर तांदळाची गाठोडी, बांबूच्या टोपल्या, एक कोंबडा. ललित आणि शेखर हार घेऊन पुढे धावले आणि जीपमधल्या सगळ्यांत उंच, पांढऱ्या धोतरातल्या माणसाला त्यांनी हार घातला. तो ड्रायव्हरचा सासरा निघाला. त्याच्या मागून एक बुटका, कुरळ्या पांढऱ्या केसांचा म्हातारा उतरला, फलक वाचून पोट धरून हसला आणि म्हणाला, "लय भारी लिहिलंय. श्री मात्र पहिल्यांदाच लागली मला."

नाना पॉलिहाऊसच्या आत, जरबेराच्या वाफ्यांमागे उभे होते. त्यांच्या हातात पुस्तक होतं आणि ते उलटं होतं.

पाहुणे खुर्च्यांवर बसले. शेखरने टाय सरळ केला. पडद्यावर रंगीत चित्रं झळकली. पाऊण तास तो 'व्हिजन', 'सबसिडी' आणि 'एक्स्पोर्ट' बोलत होता. जीपमधल्या एका आजींना गाढ झोप लागली. अखेर त्याने आवाज खाली आणून, खास आपुलकीने विचारलं, "तर साहेब, आपल्या शंभर एकरांपैकी पॉलिहाऊस किती एकरांत टाकायचं?"

"कोणते शंभर?" सहादू म्हणाला.

"आपणच लिहिलंय. समोरचा डोंगर धरला तर."

"हां, धरला तर."

"मग डोंगर कुणाचा?"

"फॉरेस्टचा."

"आणि डोंगर नाही धरला तर?"

"मंग घरामागं दोन वाफे हायेत. एकात मिरची, एकात वांगी. वांगी यंदा किडली."

जीपच्या टपावरचा कोंबडा आरवला.

"पण आपण आमचं प्रत्येक पत्र इतक्या वेळा उघडलंत!" शेखरचा आवाज चिरकला. "तिसरं पत्र तर तीस-चाळीस वेळा उघडलंत! इंटरेस्ट नव्हता तर कशाला उघडलंत?"

आता सहादूला खरोखर नवल वाटलं. "पत्र आलं मंग वाचून नाय दाखवायचं? आमची सुवर्णा कॉम्प्युटरचा क्लास चालवते. तिनंच पुंजाचं लिखाण हुडकलं. तिथंच पत्र येतं. ओट्यावर माणूस आला की विचारतो, मास्तर, नाशकाचं पत्र आलं म्हणे. मंग सुवर्णा परत उघडते, मी परत वाचतो. बाजारच्या दिवशी तर दिवसभर वाचत होतो. ते तिसरं, 'माझे काही चुकले का', ते लोकांना लय आवडलं. ह्या आजीनं तर चारदा ऐकलं. रडली ती."

आजी जाग्या होऊन म्हणाल्या, "कोन तो बिचारा? त्याला उत्तर दिलं का रं कुनी?"

जीपमधल्या साऱ्या माणसांनी आस्थेने शेखरकडे पाहिलं. हे सगळे मिळून एक हॉट लीड होते. शेखरने लॅपटॉप मिटला, टाय सैल केला आणि ललितला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमच्या वडिलांच्या ब्लॉगला ट्रॅफिकची क्वालिटीच नाही." वायर गुंडाळता गुंडाळता त्याने जेवायला काय आहे याचा वास घेतला. मग सगळ्यांच्या आधी पंगतीत बसला आणि भात दोनदा मागून घेतला. क्लिक खोटं बोलत नसेल. पण भूकही खोटं बोलत नाही.

ललित पातेल्याजवळ खांदे पाडून उभा होता. शकुबाईंनी त्याच्या हातात वाढायची पळी दिली. "वाढ," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक नसतील, पाहुणे तर आहेत ना? आणि तो फलक उतरव."

सहादू पंगतीत बसला नाही. तो पॉलिहाऊसमध्ये शिरला. आत दमट उकाडा होता. जरबेराच्या रांगेच्या टोकाला नाना अंग चोरून उभे होते.

"पुंजा," सहादू म्हणाला, "पुस्तक उलटं हाय."

नानांनी पुस्तक सुलटं केलं. बोलायचं वाक्य त्यांनी सकाळपासून घोकलं होतं. ते नेमकं आता आठवेना.

"सहादू, ती पत्रं... ती मी..."

"ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"की तू नाय लिहिली. अरे, पहिल्याच पत्रात कळलं. मी नावाच्या घरात मस्करी लिहिली, तर तीच उलटून आली. तू असतास तर निदान दचकला असतास. आणि चौथ्यात काय, 'त्वरा करा'! तुला कुठली रं त्वरा? वसतिगृहात घंटा झाली तरी तू ताट घ्यावं की नाय याचा विचार करत उभा राहायचास. मीच तुझं ताट आणायचो."

नाना खाली मान घालून जरबेराकडे पाहत राहिले. "मग ओट्यावर वाचून कशाला दाखवत होतास?"

सहादूने एका फुलाची पाकळी बोटाने चाचपली. "लोकांना काय सांगू? इतकी वरसं सांगतोय, नाशकाला माझा दोस्त हाय, लय शिकलेला, त्याचं पत्र येनार हाय. यंत्राचं तर यंत्राचं, आलं तर खरं!"

"आणि आज आलास?"

"यंत्र बोलवतंय म्हटलं, जावं. मानसाच्या बोलावण्याची वाट बघत बसलो असतो तर तू माझ्या दहाव्याला आला असतास. तिथं पन उशिराच."

नानांनी पुस्तकातून पोस्टकार्ड काढलं. कडा मऊ झाल्या होत्या, शाई फिकी पडली होती. सहादूने आपलं अक्षर ओळखलं.

"जपून ठेवलंस की!"

"उत्तर द्यायचं होतं. आता तोंडानेच सांगतो. मी—"

"थांब," सहादूने हात वर केला. "तोंडानं नको. मी पत्र लिहिलं, मला पत्र पायजे. ओट्यावर काय वाचू? तुझं तोंड?"

दोघे मागच्या खोलीत आले. नानांच्या टेबलाच्या खणात कोऱ्या पोस्टकार्डांची चळत होती. सगळी याच उत्तरासाठी वेळोवेळी आणलेली. त्यांनी एक घेतलं. सहादू समोर ठाण मांडून बसला. नानांनी 'प्रिय' लिहिलं, पेन उचललं, सहादूकडे पाहिलं.

"नाटकी वाटतंय का?"

"पुढं लिही."

"उशिराबद्दल आधी थोडं..."

"पुंजा, जीप सुटेल माझी."

'प्रिय सहादू, पुढच्या रविवारी, जमल्यास...'

सहादूने नुसतं खाकरलं. नानांनी 'जमल्यास' खोडलं. ग्रंथपालाच्या हातून कोऱ्या कार्डावर झालेली ती पहिली खाडाखोड. पुढे लिहिलं : 'येतो. पुंजाराम.'

दोघे चालत गंगापूर रोडच्या कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी गेले. मागून जीपमधली सगळी मंडळी हात पुसत आली, कारण कुणी कुणाला काय लिहिलं, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक असणं रीतीचं होतं. नानांनी कार्ड पेटीच्या तोंडात घातलं आणि हात तिथेच थांबला. अर्धं कार्ड आत, अर्धं बाहेर. पत्ता बरोबर आहे ना? पिनकोड? खोडलेलं तसंच पाठवणं बरं दिसेल का? पुन्हा एकदा नीट लिहून काढलं तर? त्यांनी कार्ड थोडं मागे ओढलं.

आजी सुवर्णाला म्हणाल्या, "ह्योच का गं तो, ज्याला कुनी उत्तर देत नव्हतं?"

सहादू पेटीला टेकून उभा होता. दोस्ताचा तो अडलेला हात पाहून त्याने विचारलं, "काय रं पुंजा, खात्री हाय का?"

"नाही," नाना म्हणाले, आणि त्यांनी कार्ड सोडलं.